दीड तास

बोडिलने काउंटरवर पर्स आपटली.

"दीड तास? यंत्र बंद म्हणजे काय? ते काय घरचं टोस्टर आहे?"

"दुरुस्तीचा माणूस आलाय. साडेअकराला नक्की सुरू होईल," किरणोपचाराची तंत्रज्ञ रिक्के म्हणाली. "बसा ना जरा, बोडिल."

"मी बसेन गं." तिने मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "पण याच्या पोटातल्या गोळ्या बसतील का?"

डेन्मार्कात कोणी ओरडलं की बाकीचे मासिकात तोंड खुपसतात. रांगेतल्या चौघांनी तेच केलं. बोडिलला त्यांचाही राग आला.

तिच्या नवऱ्याच्या, एगॉनच्या, घशातल्या गाठीच्या गाभ्यात प्राणवायू पोचत नव्हता आणि तिथल्या पेशी किरणांना दाद देत नव्हत्या. गोळ्या तिथे जाऊन प्राणवायूचं काम करायच्या. फ्रेडरिक्सहावनच्या गोदीत एगॉनने चाळीस वर्षं गॅसने लोखंड कापलं होतं, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं त्याला लगेच समजलं. "ऑक्सिजन सोडला नाही तर ज्योत नुसता धूर ओकते," त्याने बोडिलला सांगितलं होतं. किरणांच्या बरोबर दीड तास आधी पाच गोळ्या घ्यायच्या होत्या.

"दोन आठवडे हा माणूस गोळ्या घेऊन ओकत होता," बोडिल कडाडली. "सोमवारपासून कुठे त्या पोटात ठरायला लागल्या, तर तुमचं यंत्र बसलं! आता त्यांचा असर उतरल्यावर काय, नुसता उजेड पाडणार याच्या गळ्यावर? दे आणखी पाच!"

"एका दिवसात दोनदा नाही देता येत," रिक्के हळूच म्हणाली.

"म्हणजे आजचा दिवस वाया!"

एगॉनने तिची बाही ओढली. त्याचा आवाज पार बसला होता.

"नाही गेला वाया."

त्याने कोटाच्या खिशातून कागदी रुमाल काढून काउंटरवर उलगडला. आत पाच गोळ्या होत्या, कोरड्या ठणठणीत.

बोडिलने त्या बोटाने मोजल्या.

"सोमवारपासून घेतल्याच नाहीस?"

त्याने मान डोलावली. "शुक्रवारी इथे येताना गाडीत तुझ्या अंगावर ओकलो. तू एक शब्द बोलली नाहीस. नुसती पुसत बसलीस."

एक सणसणीत ठेवून द्यावी असं तिला वाटलं. हातही उचलला होता तिने. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. बरोबर दहा वाजले होते.

"पोरी, पाणी आण," ती रिक्केला म्हणाली. मग कोट काढून खुर्चीवर फेकला, एगॉनला खसकन शेजारी बसवलं आणि रुमाल त्याच्या मांडीवर ठेवला.

"ओक हवं तर माझ्या अंगावर, रोज ओक. पण गीळ."

एगॉनने पहिली गोळी उचलली.