अंबूबाईच्या ओळी

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं मला लहानपणापासून शिकवलंय आणि चौतीस वर्षं मी ते पाळलं. आज घेते. रघुपती. ह्या रघुपतींनी माझी गोधडी टेलरकडे नेली.

हे ऐकून कुणाला काही वाटत नाही, हा आणखी एक ताप. शेजारच्या कावेरीला जिन्यात सांगितलं तर ती कानडी मिसळून म्हणाली, "सरी, बरं, जाऊ द्या आंटी, मशिनवर घट्ट बसतं." घट्ट बसतं हेच तर दुखणं आहे. गोधडी घट्ट असून चालत नाही. ती अंगावर पडली पाहिजे. हातानं घातलेला टाका कापडाला जरा मोकळं सोडतो. म्हणून चार धुण्यांनंतर ती अशी मऊ होते की डिसेंबरात मल्लेश्वरमच्या थंडीत पहाटे उठून दूध घ्यायला जायचं जिवावर येतं. मशिननं शिवलेली गोधडी म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठा पांघरून झोपा.

मी गोधड्या शिवते ते गरज म्हणून नाही. मला आवडतं म्हणून. घरात तीन ब्लँकेटं आहेत, एक मुलानं मुंबईहून पाठवलेली रजई आहे. लोकांना हे समजवता समजवता माझं तोंड दुखलं. छंद म्हणजे भरतकाम, फार तर वीणकाम, जुन्या चिंध्या जोडण्याला छंद कोण म्हणणार? त्यात ओळखीचे लोक आठवणीनं जुने कपडे आणून देतात, आणि पिशवी उघडावी तर आत टेरिकॉटच्या पँटी आणि नायलॉनच्या साड्या. नायलॉनवरून सुई सटकते आणि बोटात घुसते. दोऱ्याला मेणबत्ती फासली तरी तो नेमका ओळीच्या मध्यावर गुंता करतो. गुडघे धरतात. अंगुस्तान सापडत नाही, आणि सापडतं तेव्हा ह्यांनी त्यात स्क्रू ठेवलेले असतात. पण एखाद्या दुपारी दोरा नीट चालतो, आजीच्या इरकलीच्या तुकड्याशेजारी मुलाच्या शाळेच्या शर्टाचा तुकडा असा काही बसतो की मी उठून लांबून बघते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. तेवढ्यासाठी बाकी सगळं सोसायचं.

ही गोधडी माझी एकटीची नव्हती. अंबूबाईची आणि माझी होती, आणि शिवून झाली की अंबूबाईला जायची होती.

अंबूबाई मूळची चिकोडीची, मी निपाणीची. वीस वर्षं ती आमच्या खालच्या मजल्यावर राहिली. मला सुई धरायला तिनं शिकवलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या बाळंतपणांना, दुसऱ्यांच्या लग्नांना गोधड्या शिवून दिल्या, स्वतः मात्र मुलाची जुनी शाल घेऊन झोपते. दोन वर्षांपूर्वी तिला काचबिंदू झाला आणि ती यशवंतपूरला मुलाकडे राहायला गेली. तिला आता उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं. तेव्हाच मी ठरवलं की एक गोधडी तिची. ती म्हणाली, "माझीच हाय तर मी पण बसणार की." म्हणून दर गुरुवारी मुलगा बसवंत तिला स्कूटरवरून आमच्याकडे सोडायचा आणि पुढे कामावर जायचा.

आमच्याकडची पद्धत अशी: गोधडी जमिनीवर पसरायची, कडांवर वरवंटा, खलबत्ता असं काहीबाही ठेवायचं, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोघींनी बसायचं. दोन बाजू तिच्या, दोन माझ्या. ओळी कडेनं फिरत फिरत आत सरकतात आणि शेवटी मध्ये एक चौकोन उरतो. ते गोधडीचं पोट. त्याची एक बाजू उघडी ठेवतात. सगळं शिवून झालं की त्यात भाकरीचा वाळका तुकडा घालायचा आणि दोघींनी मिळून तोंड शिवायचं. पोट उपाशी ठेवलं तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही म्हणतात. आमचं एवढंच राहिलं होतं. पुढच्या बैठकीला अंबूबाई भाकरी घेऊन येणार होती.

मध्ये मी आठ दिवस निपाणीला भाच्याच्या लग्नाला गेले. परत आले तर हे दारातच उभे. चेहऱ्यावर हसू. हे मार्चमध्ये रिटायर झाले. तीस वर्षं मशिनचे सुटे भाग तपासायच्या खात्यात काढली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. आता माल येत नाही, म्हणून घरात हिंडत असतात. डब्यांची झाकणं तपासतात.

"स्वल्प थांब," म्हणाले, "डोळे मिट." मी मिटले. उघडले तेव्हा पलंगावर गोधडी पसरलेली होती आणि हे तिच्याशेजारी स्टीलची पट्टी घेऊन उभे होते.

"मोजून बघ. दोन ओळींत बरोब्बर एक इंच. कुठेही."

अंबूबाईच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या ओळी गेल्या होत्या. त्यांनी स्वतः दाढीच्या ब्लेडनं एकेक टाका उसवला होता, चार दिवस बसून, कापडाला कुठेही न कापता. मग खडूनं रेघा मारल्या आणि आठव्या क्रॉस रोडवरच्या कृष्णमूर्ती टेलरकडून त्यावर मशिन मारून आणलं. माझ्या बाजूंना हात लावला नव्हता. माझ्या ओळी पास झाल्या होत्या. काढलेला दोरासुद्धा त्यांनी टाकला नव्हता. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवली होती: 'काढलेला दोरा.'

मी गोधडी हातात घेतली. अर्धी हातातून खाली लोंबली आणि अर्धी ताठ उभी राहिली.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. कावेरीनं आपली खिडकी लावून घेतली एवढं आठवतं. म्हटलं, तुम्हाला अक्कल नाही. म्हटलं, तीस वर्षं लोखंड मोजून तुमचं डोकं लोखंडाचं झालंय. ती बाई डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं मोजून टाके घालते, दर गुरुवारी जिवाच्या आकांतानं घालते, आणि तुम्ही ते उसवलेत. हातातली पट्टी हिसकावून मी तांदळाच्या डब्यात खुपसली. का तांदळाच्या डब्यात, विचारू नका.

हे ऐकून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण तूच म्हणाली होतीस."

"मी काय म्हणाले होते?"

"अंबूअक्कांच्या ओळी बघवत नाहीत. कोपऱ्यात तुझ्या ओळीला येऊन भिडतच नाहीत. सगळं काढून परत घालावंसं वाटतं. दर गुरुवारी त्या गेल्या की म्हणतेस. मला वाटलं, तुला स्वतःला काढायला जीव होत नसेल."

म्हणाले होते मी. एकदा नाही, दहादा. भाजी परतताना, ताट वाढताना. अहो, बायका बोलतात. गुडघा दुखतो म्हणतात, तेव्हा पाय कापून आणा असं सांगत नसतात. पण ह्यांच्या खात्यात तक्रार आली की तिचा निकाल लावायचा असतो. मला ह्यांचा राग आला होताच. आता माझाही आला, आणि दोन राग एका घरात मावेनात. त्या दिवशी मी जेवले नाही आणि हे जेवले, त्याचाही आला.

गुरुवार चार दिवसांवर होता. टेलरचे टाके मी उसवून बघितले. इतके बारीक आणि इतके दाबून घातलेले की एक ओळ उसवायला अर्धी दुपार गेली. माझ्या हातानं अंबूबाईसारख्या वाकड्या ओळी घालून ठेवाव्यात असंही मनात आलं. एक घालून पाहिली. ती वाकडी नव्हती, वाकडी केलेली दिसत होती. उसवली.

शेवटी ठरवलं की सांगायचं, टेलरनं केलं, चुकून झालं, कुणाचा दोष नाही. ह्यांना बजावलं, "तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं. मी जे म्हणाले होते ते तिच्या कानावर गेलं तर बघा. वीस वर्षांची ती माझी माणूस आहे." हे म्हणाले, "सरी."

गुरुवारी दहा वाजता अंबूबाई आली. नेसणं नवं, केसांत अबोलीचा गजरा, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. बसवंत तिला जिना चढवून गेला. ती तिच्या कोपऱ्यात बसली आणि तिनं गोधडीवर हात ठेवला.

मी बोलायला सुरुवात करणार होते. तिचा हात कडेपासून आत गेला, थांबला, परत कडेला आला. तिनं कापड चिमटीत धरून दुमडून पाहिलं. मग गुडघ्यांवर रांगत ती माझ्या बाजूला आली, माझ्या ओळींवरून हात फिरवला, आणि परत आपल्या जागी गेली.

"हे कुणी केलंय?"

"टेलरनं," मी म्हटलं. "म्हणजे चुकून. धुवायला दिली होती, तर..."

"टेलरकडे धुवायला?"

तेवढ्यात हे बाहेर आले. तीस वर्षं खोटा शेरा लिहिला नाही ह्या माणसानं, आणि त्याचा घरादाराला उपद्रव आहे. समोर उभे राहिले आणि हात जोडले. "अक्का, टेलरकडे मी नेली. उसवलीही मीच. वसुमती म्हणायची, तुमच्या ओळी बघवत नाहीत, काढून परत घालावंसं वाटतं. मला वाटलं तिला मदत होईल. तिनं मला नेऊन द्या असं सांगितलं नव्हतं, ते मात्र खरं."

त्या क्षणी ह्या माणसाला मी काहीही केलं असतं. वरवंटा हाताशीच होता.

अंबूबाईनं मान माझ्याकडे वळवली. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, ते बरं झालं.

"असं म्हटलीस व्हय?"

"हो."

"किती येळा?"

"पुष्कळ वेळा," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रडण्याचाही संताप येत होता. "अंबूबाई, तुझ्या ओळी खरंच भिडत नाहीत गं. मी काय करू? कोपरा आला की माझा जीव वरखाली होतो. पण म्हणून मी काढल्या असत्या का कधी?"

ह्यांनी तो बिस्किटांचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. तिनं आत हात घातला. दोऱ्याचे तुकडे बोटांत घोळवले. एवढे दिवस कापडात राहिलेले, त्यांची वळणं तशीच होती.

"माझ्या वाकड्या होत्या म्हणून काढल्या," ती म्हणाली. "तुझ्या सरळ म्हणून ठेवल्या. असंच ना?"

ह्यांनी डब्यावरची चिठ्ठी नखानं खरवडायला घेतली.

"मग ही तुझी गोधडी झाली, वसू. तू मला दिलेली. मला तसली नको. शाल हाय की माझ्याकडं." तिनं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक ह्यांच्या दिशेनं धरला. "खा. पोट भरायचं आज न्हाई. बसा हितं, ब्लेड घेऊन. मशिनचं सगळं काढा. आणि वसू, तू तुझ्या काढ."

"माझ्या कशाला?" माझा आवाज चढला. "माझ्या ओळींत काय चूक आहे?"

"चूक न्हाईच की. म्हणून काढ. दोघींनी पहिल्यापासून घालायचं."

दीड वर्ष. दीड वर्षाच्या ओळी, एकीलाही नाव ठेवायला जागा नाही, कडेपासून पोटापर्यंत. मला तिचा इतका राग आला की कानशिलं तापली. म्हातारीला काय होतंय सांगायला? तिला दिसतही नाहीत त्या ओळी किती सुरेख आल्यात ते. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, भांडं आपटलं. बाहेर आले तेव्हा हे मांडी घालून मशिनचे टाके काढत होते आणि ती त्यांना कापड ताणून धरत होती.

मी ब्लेड घेतलं. पहिली गाठ कापली. ती माझ्याच हातची, चांगली घट्ट होती.

उसवायला तीन गुरुवार लागले, आणि मधल्या दिवसांत हे एकटेच ब्लेड घेऊन बसायचे. चौथ्या गुरुवारी गोधडी परत कोरी पसरली. ती तिच्या कोपऱ्यात, मी माझ्या. हे तिच्या सुईत दोरा ओवून देत होते. तेवढ्याच कामाची त्यांना परवानगी होती. दुपारी तीनच्या सुमाराला पहिली फेरी कोपऱ्यापाशी आली. तिची ओळ चांगली दीड बोट खाली उतरली होती. नेहमीसारखी.

"भिडली का गं?" तिनं विचारलं.

मी माझे शेवटचे सहा टाके उसवले, ओळ खाली वाकवली आणि तिच्या टाक्याला टाका लावला.

"भिडली," मी म्हटलं.

हे वाकून बघत होते. त्यांचं तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नका," मी म्हटलं.