जाड तारांचे मानकरी

कान्हा नाखव्याच्या हातात बेस गिटार आली ती काही त्याने मागून घेतली म्हणून नव्हे. ठाण्यातला एक ऑर्केस्ट्रा भागीदारांच्या भांडणात मोडला आणि त्याचं सामान निघेल त्या भावाने निघालं. त्यातून चेंदणी कोळीवाड्यातल्या पोपटने दोन भोंगे, एक अँप आणि ही लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार उचलून आणली. पोपटची हळदीत वाजवणारी पार्टी होती. बेंजो तो स्वतः वाजवायचा, बाकी ढोलकी, कॅशिओ आणि जो रिकामा असेल त्याच्या हातात खुळखुळा. नवी गिटार कुणी घ्यायची यावर चर्चा झालीच नाही. कान्हाचा पंजा सगळ्यांत रुंद, म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली. हे त्र्याऐंशी सालचं.

पहिली दोन वर्षं तो नुसतं ढुम्म ढुम्म करत राहिला. सर्वांत जाड तार तुटली तेव्हा त्याने स्कूटरची क्लच वायर ओढून बसवली. बोटं सोलली, पडदे घासले, पण आवाज आला. काय वाजवतोयस असं त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

कान्हा मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात सूत काढण्याच्या खात्यात होता. तिथल्याच लॅबमध्ये चित्रा नावाची डोंबिवलीची मुलगी होती. खात्यातल्या एकाची हळद कळव्याला होती, तिथे पोपटची पार्टी वाजवत होती आणि लॅबची मंडळी जेवायला आली. बाकीच्यांनी जेवून वाट धरली, चित्रा मात्र भोंग्यासमोर तासभर उभी राहिली. सोमवारी डबा खाताना ती त्याच्या टेबलाशी आली.

"अरे, तू बेस वाजवतोस! मला आधी का नाही सांगितलंस?"

"मॅडम, तिला बेस बोलतात काय?" कान्हा म्हणाला.

चित्राचा भाऊ बोटीवर होता. घरात आणि दारात सगळे त्याला भाऊच म्हणत. लंडनला, लिव्हरपूलला बोट लागली की हा पठ्ठ्या बाकीच्यांसारखी सेंटं आणि घड्याळं आणायचा नाही, जुन्या रेकॉर्डी धुंडाळत फिरायचा. त्याला वेड होतं पंक आणि न्यू वेव्हचं. दहा वर्षांपूर्वी तिकडच्या बेकार पोरांनी आरडाओरडा करून सुरू केलेलं ते संगीत. त्यातही भाऊला गाणाऱ्यांचं सोयरसुतक नव्हतं, त्याचा जीव बेसवाल्यांवर. आपल्या आवडत्या बेसवाल्यांची एक नव्वद मिनिटांची कॅसेट त्याने भरली होती. आत चिठ्ठीवर गाण्यांची नावं नाहीत, नुसती आडनावं: बर्नेल, फॉक्सटन, सायमनन, हुक, वेमथ. चित्राने ती कॅसेट कान्हाला कॉपी करून दिली.

आता रेकॉर्डवरून भाऊची कॅसेट, भाऊच्या कॅसेटवरून चित्राची आणि चित्राच्यावरून कान्हाची. प्रत्येक फेरीत वरचा बारीक आवाज गळत गेला. कान्हाच्या हाती आली तोवर तिच्यातली गिटार विरघळून गेली होती आणि गाणारा भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून ओरडतोय असं वाटत होतं. जाड तार तेवढी ठणठणीत उरली होती. त्यावरून कान्हाने रीतसर निष्कर्ष काढला की विलायतेत पार्टीचा मालक बेसवाला असतो आणि बाकीचे त्याने सोबतीला ठेवलेले असतात. पुढचे आठ महिने त्याची ही समजूत कुणी मोडली नाही, आणि बरंच झालं. मालक असल्यासारखं वाजवायला तो त्या समजुतीवरच शिकला.

घर एका खोलीचं. टेप लागला की आईला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चंद्रभागा सकाळी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, पण कोळीवाड्यात तिचा मान होता तो धवलारीण म्हणून. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायचे ते तिने. देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, पाटावर बसलेल्या पोरीला संसार समजावून सांगायचा. भट होता, पण त्याच्या आधीपासून धवलारीण होती. तिला घरच्या कर्त्याने नारळ आणि विडा देऊन बोलवावं लागे, आणि बोलावल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, मग लग्न राजाचं का असेना.

तर ही बाई सुकट निवडता निवडता विलायतेच्या बेसवाल्यांवर निकाल द्यायची.

बर्नेल लागला की म्हणायची, "यो मेला भांडकुदळ. दारात उभा राहून शिव्या देतो." कान्हाला तो आवडायचा, कारण आवाज फाटका, आणि पोपटच्या अँपचा पडदा तसाच फाटलेला. फॉक्सटनबद्दल तिचं मत एका वाक्याचं: "नुसता धावतो, कुठं जायाचं हाय त्याला?" सायमननची गोष्ट चित्राने सांगितली होती. त्याला सुरुवातीला वाजवता येत नव्हतं म्हणून त्याने दांडीवर सुरांची नावं लिहून ठेवली होती म्हणे. त्या संध्याकाळी कान्हाने नेलपॉलिशची बाटली आणून आपल्या दांडीवर लाल ठिपके दिले. आईने ते बघितलं आणि सायमननला "शिकाऊ, पन मनाचा चांगला" असं प्रशस्तिपत्र देऊन टाकलं. हुक बारीक तारांवर, दांडीच्या पार खालच्या टोकाला वाजवायचा. साथीदारांच्या गोंगाटात स्वतःचंच ऐकू येईना म्हणून तो तिकडे सरकला, असं भाऊने पत्रात लिहिलं होतं. पोपटच्या बेंजोशेजारी उभं राहणाऱ्याला हे निराळं समजवायची गरज नव्हती. पुढच्याच हळदीला कान्हाही तिकडे सरकला आणि पहिल्यांदा चार माणसांनी वळून त्याच्याकडे बघितलं.

पण दोघांचं एकमत झालं ते वेमथवर. हा फार वाजवायचा नाही. चार सुरांत काम. मध्ये थांबायचा, आणि थांबला तरी पाय हलत राहायचे. कान्हाने मनात त्याचं चित्रही रंगवलं होतं: पिकलेल्या दाढीचा, उघड्या अंगाचा तांडेल, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून वाजवणारा.

एक दिवस चित्राने भाऊने पाठवलेलं मासिक आणलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "ही बघ तुझी वेमथ."

फोटोत कापलेल्या केसांची, बारकुडी, गोरी बाई. गिटार तिच्याहून मोठी. कान्हाने मासिक उलटं करून बघितलं, मग पुन्हा सुलटं केलं. लॅबमधली सगळी हसली. घरी येऊन त्याने जड मनाने आईला सांगितलं, "आये, वेमथ बाई हाय."

चंद्रभागेने मान वर केली नाही. "मंग! बापय असता तर मधली जागा भरून टाकली असती."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात धाकूमामाच्या भागीरथीचं लग्न ठरलं. धाकू म्हणजे चंद्रभागेचा धाकटा, पाठचा भाऊ. भागीरथी तिची एकुलती एक भाची. हळदीला पोपटची पार्टी ठरली, आणि नवीन म्हणजे व्हिडिओ शूटिंग ठरलं. कोळीवाड्यातलं पहिलंच. धाकू त्यामुळे हवेत होता. चंद्रभागेने हिरवं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलं आणि नारळाची वाट बघत बसली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेवटी पोपटच्याच तोंडून कळलं. धाकू म्हणाला होता, "ताय धवला धरल ती तासभर सोडायची नाय. व्हिडिओची कॅसेट संपल. आन आता ऐकतं कोन? पोरांना नाचायला पायजे."

कान्हाने हे आईला सांगितलं तेव्हा ती बोंबील साफ करत होती. तिने हातातला संपेपर्यंत साफ केला, पुढचा घेतला. मग उठून हात धुतले आणि लुगडं पेटीत ठेवून दिलं. परक्याने नाकारलं असतं तर तिने त्याला बाजारात चारचौघांत सोलून काढला असता. पण पाठच्या भावाने नाकारलं, तर बोलायचं कुणापाशी?

कान्हाला खरं लागलं ते दुसरंच. गेल्या दोन वर्षांत आईला बोलावणी कमी झाली होती आणि त्याच्या पार्टीला वाढली होती. हा हिशेब त्याने कधी मांडला नव्हता. आज तो आपोआप मांडला गेला. ज्या जाड तारांवर तो एवढा खूश होता, त्यांनीच आईचा पाट ओढून घेतला होता.

"आये, मी नाय वाजवनार," तो म्हणाला.

"शब्द दिलाय ना? मग वाजवायचा. पोपटचा काय गुना त्यात?" ती म्हणाली. "मी पन येनार. आत्या हाय मी पोरीची. नवरीची आत्या घरात बसली तर लोक काय बोलतील?"

हळदीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. व्हिडिओवाल्याने दिवा लावला की तेवढा कोपरा पांढरा फटफटीत व्हायचा आणि तिथली माणसं जास्तच नाचायची. पार्टी रंगात आली होती. कान्हाही वाजवत होता आणि चांगलं वाजवत होता, त्याचा त्याला राग येत होता. चंद्रभागा बायकांत बसली होती, साध्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून.

आतून पाच सवाष्णी हळदीचं ताट घेऊन आल्या. भागीरथीला पाटावर बसवलं. पहिला धवला इथे उठायचा. व्हिडिओवाल्याने हात फिरवून इशारा केला आणि पोपटने लय वाढवली. कान्हाने आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. तोंडातून आवाज नव्हता, पण ओठांवर धवला चालू होता, ओळीमागून ओळ. भाचीला हळद कोरडी लागू नये म्हणून ही बाई कुणाला कळू न देता आतल्या आत गात होती.

कान्हाने पंजा चारही तारांवर आडवा ठेवला.

बेंजो चालू होता, ढोलकी चालू होती, कॅशिओ चालू होता. तरी नाच मोडला. आधी पुढच्या पोरांचे पाय चुकले, मग मागच्यांचे. काय गेलं ते कुणाला सांगता येईना, पण मांडवाखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं. पोपट वाजवता वाजवता वळला, त्याला वाटलं अँप जळला. मग एकेक वाद्य आपोआप बंद पडलं.

धाकू धावत आला. "काय झाला रे?"

"मामा, हळदीचा ताट आयलाय. धवल्याबिगर हळद लावतात काय?"

"तुला वाजवायला आनलाय, शिकवायला नाय. वाजव!"

ज्या मामाने त्याला जाळं फेकायला शिकवलं त्याला कान्हा कधी उलटून बोलला नव्हता. त्याने पट्टा काढला आणि गिटार खुर्चीला टेकवून ठेवली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. एका सवाष्णीने वेळ मारून न्यायला हळदीचं बोट भागीरथीच्या गालाकडे नेलं. पोरीने तोंड फिरवलं. "बाबा, आत्याला बोलवा. मी अशी नाय लावून घेनार." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि व्हिडिओवाला इमानेइतबारे ते सगळं घेत राहिला.

धाकू एकदा पोरीकडे, एकदा दिव्याकडे बघत उभा राहिला. मग देवापुढचा नारळ उचलून बायकांत शिरला आणि बहिणीसमोर वाकला. "ताय, गा."

"इडा कुठं हाय?" चंद्रभागेने विचारलं.

मांडव खदखदून हसला. धाकू विडा आणायला आत पळाला, परत येताना त्याचे डोळे ओले होते. त्याने नारळ-विडा तिच्या ओटीत घातला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, उठून पाटाशी जाऊन बसली आणि धवला धरला.

ती सोडायची नाही हे धाकूचं म्हणणं अगदी खरं होतं. देव झाले, खाडी झाली, सात पिढ्यांचे पितर झाले. व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली. कान्हाने एवढ्या हळदी वाजवल्या, पण धवला सुरू झाला की तो विडी ओढायला बाहेर जायचा. आज पहिल्यांदा तो पुरता ऐकत होता. शेवटाकडे लग्नाच्या मानकऱ्यांची यादी येते. कुणी काय आणलं ते धवलारीण नाव घेऊन सांगते, आणि ज्याचं नाव येतं त्याच्याशिवाय ते लग्न लागलं नाही असं धरतात.

"कुंभाराघरशी मडका आयला गो, बुरुडाघरशी सूप आयला," चंद्रभागा गात होती. "सोनाराघरशी मनी आयला गो, माल्याघरशी फूल आयला."

यादी इथे संपते. तिच्या आईने आणि आईच्या आईने ती इथेच संपवली होती. पुढच्या धवल्यासाठी बायका सावरून बसल्या. चंद्रभागेने श्वास घेतला, आणि कान्हाकडे न बघता त्याच चालीत आणखी एक ओळ म्हटली.

"माझ्या घरशी कान्हा आयला गो, जाड तारा घेऊन आयला."

बायकांनी ती ओळ रीतीप्रमाणे उचलली आणि तीनदा म्हटली. कान्हा मांडवात सगळ्यांसमोर रडला, चांगला हुंदके देऊन. पोपटने खांद्यावर हात ठेवला तरी थांबेना. मग भागीरथीच्या गालाला हळद लागली.