मधल्या सुट्टीची दहा मिनिटं

भोंगा हे काही तिचं पहिलं टोपणनाव नव्हतं. पाचवीत तिला सगळे म्याऊ म्हणायचे, आणि तेसुद्धा कौतुकच होतं, कारण मांजर निदान ऐकू तरी येतं. हजेरी सुरू झाली की ही मनात नंबर मोजत बसायची. पण आपला नंबर आला की 'हजर' हा एवढासा शब्द ओठांपर्यंत येऊन तिथंच बसकण मारायचा. बाईंना काहीच ऐकू जायचं नाही. त्या फुली मारून पुढे जायच्या. असे अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी घरी चिठ्ठी आली, की आपली मुलगी अकरा दिवस शाळेत आलेली नाही.

आई शिवणकाम करायची. ती मशीनवरून उठली ती तशीच, गळ्यात मापाची टेप घालून शाळेत हजर. "अहो बाई, मी रोज हिला फाटकापर्यंत सोडते! मग ही जाते तरी कुठे?"

"पहिल्या बाकावर," मागून एक उंचच उंच मुलगी म्हणाली. "रोज असते. मला हिच्या डोक्यावरून फळा दिसतो ना, म्हणून माहितीय."

ही लंबू. त्या दिवसापासून लंबूने हिचा आवाज मनावरच घेतला. रोज शाळा सुटली की हिला जिन्याखाली उभी करायची आणि स्वतः दुसऱ्या मजल्यावर जाऊन ओरडायची, "म्हण काहीतरी! मला इथं ऐकू आलं पाहिजे!" पहिला महिना काहीच वर पोचलं नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा चुकून पोचलं, आणि इतकं दणक्यात, की कोणी जिन्यावरून पडलं असं समजून शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. म्याऊचा भोंगा झाला तो असा.

दहावीत भोंगा शाळेच्या विद्यार्थी प्रमुखपदाला उभी राहिली. बाकीच्या उमेदवारांनी शिस्त, स्वच्छता, सहकार्य वगैरे सांगितलं. हिने एकच सांगितलं, मधली सुट्टी वीस मिनिटांची तीस करून देईन. आख्खी शाळा हिच्या मागे. निवडून आली ती पार मोठ्या फरकाने.

पण मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणजे काय चीज होती! "का हवीत दहा मिनिटं?" त्यांनी विचारलं. 'भूक लागते' हे उत्तर चाललं नाही. मग भोंगा आणि लंबू आठवडाभर घड्याळ घेऊन हात धुवायच्या नळांपाशी उभ्या राहिल्या. नळ चार, मुलं चारशे. रांगेत शेवटी असलेल्याची नऊ मिनिटं तिथंच जात होती. उरलेल्या अकरात डबा उघडा, जेवा, डबा बंद करा आणि वर्गात पळा. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला.

"ठीक आहे. पाच मिनिटं शेवटच्या तासातून घेते. पाच मिनिटं सकाळच्या सूचनांतून. त्या तूच देतेस ना? जरा आटोपशीर देत जा."

"बाई!"

"आणि एक अट. तीस मिनिटं दिली की तुम्ही चाळीस घेणार, हे मला पाठ आहे. सोमवार ते शुक्रवार करून दाखवा. दुसरी घंटा थांबली की एकही मूल बाहेर दिसता कामा नये. कोणीही दिसलं, की परत वीस."

अटीचा कागद भोंगानेच स्वच्छ अक्षरात लिहिला आणि नळांच्या वर चिकटवला. चार दिवस काय धावली ती! पहिली घंटा झाली की तळमजला, मग पहिला मजला, मग दुसरा. "चला चला, घास तोंडात असला तरी पाय चालतात!" सोमवारी सगळे आत. मंगळवारी आत. बुधवारी एकाचा डबा जिन्यात सांडला, तरी आत. गुरुवारी घंटा थांबायच्या आधीच आत. या चार दिवसांत स्वतः भोंगाने डबा एकदाही पुरता खाल्ला नव्हता, पण ते तिच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी शेवटचा वर्ग आत गेला. एकामागून एक दारं लागली. घंटा थांबली. भोंगा दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "झालं! सगळे आत!"

"सगळे?" मागून आवाज आला.

मोठ्या बाई. हातात घड्याळ.

भोंगाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आख्ख्या मजल्यावर बाहेर असलेलं एकच मूल होतं, आणि ते दोन्ही हात वर करून उभं होतं.

शिपाईमामा घंटेपासून पुढे आले. "बाई, हिचं काय धरता! ही तर कामावर होती."

मोठ्या बाईंनी भोंगाकडे पाहिलं. हिने हो म्हणायचा अवकाश होता, दहा मिनिटं मिळत होती. पण खाली कागदावर 'कोणीही' असं लिहिलं होतं, आणि अक्षर तर हिचंच.

"नाही मामा," ती म्हणाली. "कोणीही म्हणजे मीपण."

"मग वीस," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शाळा सुटल्यावर कोणी हिच्याशी धड बोललं नाही. लंबू तेवढी बोलली. "चारशे जणांना आत घातलंस आणि स्वतःला विसरलीस! अगं, तुझ्यासारखी तूच!"

घरी बाबांना सांगितलं. बाबा बसचे ड्रायव्हर. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "आमच्या डेपोत एक साहेब होते. गाड्या वेळेवर सुटाव्यात म्हणून प्रत्येक गाडीमागे धावायचे. एकदा आठवडाभर आजारी पडले."

"मग? गाड्या उशिरा सुटल्या?"

"सगळ्या वेळेवर. सगळ्यात जास्त वाईट साहेबांनाच वाटलं."

भोंगाला हसू आलं, आणि रागही आला. रात्रभर तो राग काही जाईना. सकाळपर्यंत तिला कळलं, की तो बाबांवर नव्हताच.

शनिवारी शाळा सकाळची. ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. "बाई, अजून एक आठवडा द्या. या वेळी मी कोणाला हाकलणार नाही. प्रत्येक वर्ग आपला आपण आत जाईल."

"आणि तू काय करणार?"

"मी जेवीन."

"एवढंच?"

"ते फार अवघड आहे, बाई."

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, ते त्यांनी खोकून परतवलं. "सोमवारपासून," त्या म्हणाल्या.

भोंगा प्रत्येक वर्गात गेली, काय करायचं ते एकदाच सांगितलं आणि बाहेर आली. दुसऱ्यांदा सांगायला जीभ नुसती वळवळत होती. सोमवारी पहिली घंटा झाली तेव्हा ती बाकावर बसून होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाहेर पावलांचा धडधडाट, कोणाचं तरी "अरे ढकलू नको!", कुठेतरी डब्याचं झाकण घरंगळतंय.

"उठू नकोस," लंबू म्हणाली.

"उठत नाहीये."

"मान तरी आत घे. बगळ्यासारखी झालीय."

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी पाचवीचा एक वर्ग घंटा थांबता थांबता आत शिरला, असं नंतर कानावर आलं. ते ऐकून ही उठायलाच निघाली, पण तोवर ते होऊनही गेलं होतं. गुरुवारी डबा संपला तरी सहा मिनिटं उरली. त्यांचं करायचं काय, ते हिला सुचेना. शेवटी लंबूशी हसून पोट दुखेपर्यंत गप्पा मारल्या. अशा गप्पा मारून वर्ष झालं होतं.

शुक्रवारी दुसरी घंटा झाली. थांबली. वर्गात सर आले, भूगोलाचं पुस्तक उघडलं. बाहेर काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मग तळमजल्यावरून एकदम कल्ला उठला. तो पाचवीचा. तो विरतोय न विरतोय तोच शेजारून दुसरा. मग जिना चढून पहिल्या मजल्यावर, एकेका दारातून, वर वर येत.

लंबूने हिचा दंड घट्ट धरला. सरांनी पुस्तक मिटलं.

दारात मोठ्या बाई उभ्या राहिल्या. तिन्ही मजले फिरून दमल्या होत्या. वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाहेर कोणी नाही. तीस."

वर्ग असा उसळला की खिडक्यांची तावदानं थरथरली. भोंगाही ओरडली, अगदी बेंबीच्या देठापासून. पण त्या गदारोळात तिचा आवाज कुठला, हे शेजारी बसलेल्या लंबूलासुद्धा सांगता आलं नसतं.