पुढचं चाक

आमच्या समालोचनाच्या खोलीत दोन खुर्च्या, दोन माइक, एक टीव्ही. कोपऱ्यातल्या स्टुलावर मी, नोंदी ठेवणारा. सायकलींची शर्यत चालते दूर कुठल्या घाटात, आणि हे दोघं प्रेक्षकांना सांगतात, "काय वारा सुटलाय इथं!" इथं सुटलेला असतो तो फक्त एसी.

पहिली खुर्ची कप्तानची. जुना विजेता; केस रंगवलेले, किस्सा एकच. दुसरी आडोशाची. तेरा वर्षं शर्यतीत कप्तानच्या पुढे सायकल चालवून यानं समोरचा वारा स्वतःच्या छातीवर घेतला, म्हणून संघानं ठेवलेलं नाव. वहिनी म्हणतात, "घरीसुद्धा सगळे आत जाईपर्यंत दार धरून उभे असतात."

कप्तानचा किस्सा असा: शेवटच्या घाटात चाक पंक्चर झालं, बदललं आणि एकट्यानं सगळ्यांना गाठलं. सहा वर्षांत मी तो एकेचाळीस वेळा ऐकलाय. चौदाव्या खेपेपासून त्यात गाराही पडतात. आडोसा दर वेळी पाणी पितो.

त्या दुपारी बेचाळिसावी खेप चालू असताना पडद्यावर एका म्होरक्याचं चाक बसलं. त्याच्याच संघातला सत्तेचाळीस नंबर उतरला, स्वतःचं पुढचं चाक काढून त्याला दिलं, पाठीला हात लावून ढकललं. संघाची गाडी म्होरक्यामागे भुर्रकन गेली. सत्तेचाळीस उरलेली सायकल धरून रस्त्याकडेला.

"म्होरक्या परत शर्यतीत!" कप्तान ओरडला. "याला म्हणतात जिगर! माझंही त्या दिवशी—"

"चाक कुणाचं होतं?" आडोशानं विचारलं. माइक चालू.

"ऑं?"

"त्या दिवशी. चाक कुणाचं होतं, कप्तान?"

आमच्या कानात दिग्दर्शिका बाई: "विषय बदला, विषय बदला!"

कप्तान हसला. "अरे, संघाचं. संघात कधी तुझं-माझं असतं का?"

"चौथऱ्यावर मात्र तू एकटाच मावलास." आडोसा माइककडे वळला. "मंडळी, चाक माझं होतं. दुसरं मिळेपर्यंत मी अकरा मिनिटं तसाच उभा होतो. विजेत्यानंतर ठरलेल्या वेळात पोचलं नाही, तर शर्यतीतून नाव कटतं. मी चाळीस सेकंदांनी हुकलो. पाठीवरचा नंबर काढून घेतला. हा तेव्हा हार घालून फोटो काढत होता."

कप्तान पाणी प्यायला.

माझी मान खाली. त्या शर्यतीच्या माझ्या तक्त्यात आडोशापुढे लिहिलंय, 'उशिरा पोचल्यानं बाद'. मीच टाइप केलेलं. कप्तान ते वाचून हसवायचा, आणि मीही हसायचो.

म्होरक्या जिंकला. कप्तान कोट उचलून निघून गेला. बाई कानात आडोशाला म्हणाल्या, "प्रक्षेपण बंद. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"सत्तेचाळीस अजून यायचाय," आडोसा म्हणाला.

"त्याला कोण बघतंय?"

माइकवरचा लाल दिवा विझला. आडोसा उठला नाही. "चित्रगुप्ता, तुझ्या कॉम्प्युटरवर वेळ दिसते ना? बोल."

"तीन मिनिटं उरलीत. तो अजून दीड किलोमीटरवर."

मग बंद माइकवर, माझ्या एकट्यासाठी, त्यानं ते समालोचन केलं: मांड्या कशा पेटतात, गर्दी कशी पांगलेली असते, शेवटच्या रेषेवरची कमान कशी उतरवायला घेतलेली असते. सत्तेचाळीस नऊ सेकंद राखून आत आला. आडोशानं डोळे पुसले आणि घरी गेला.

मी तक्ता उघडला. त्याच्या ओळीत लिहिलं: 'पुढचं चाक कप्तानला दिलं. अकरा मिनिटं उभा.' कप्तानच्या ओळीत: 'विजयी, आडोशाच्या चाकावर.' खाली सही केली आणि तो सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवला. गारांचा उल्लेख नाही. त्या दिवशी कडक ऊन होतं, हवामानाची नोंदही माझ्याकडेच असते.