शिवणयंत्राच्या पायाखालचे पत्ते

मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका, आधी ऐका. माझ्यात राजा नाही, राणी नाही, गुलाम तर औषधालाही नाही. माझ्याशी खेळून कुणी जिंकत नाही की हरत नाही. मी फक्त विचारतो. उत्तर ज्याचं त्याने द्यायचं.

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानात झाला. दुकान सासूबाईंचं. त्यांची जीभ कात्रीहून धारदार, पण हातात कसब असं की बघत राहावं. शर्टांच्या खोक्यांतला पुठ्ठा त्यांनी सारखा कापला, पाठीला कोटाचं उरलेलं अस्तर चिकटवलं, कडांना काजाचा टाका घातला. अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नसे, म्हणून माझ्यावर दोऱ्याने चित्रं भरली. सुई निघाली तर आपणच आपल्याला विचारायचं, आज मी कुणाला टोचून बोलले? उसवलेली बाही निघाली तर, कुठलं काम पुढे ढकलतेय? झाकण घातलेलं पातेलं निघालं तर, आत न बघताच मी काय समजून बसले?

मला घडवलं ते दोन सुनांच्या तोंडांमुळे. एकाच टेबलावर दोघी कापड बेतायच्या आणि दिवसभर एकमेकींच्या चुका मोजायच्या.

"दुसरीचं उत्तर देण्यात दोघी हुशार," सासूबाई म्हणाल्या. "आता जरा स्वतःचं द्या."

नियम सोपा होता. कामाआधी पत्ता काढायचा आणि फक्त स्वतःबद्दल बोलायचं. ऐकणारीने तोवर ओठांत एक बटण धरायचं. बटण पडलं की त्या दिवशीची झाडलोट तिची. काय शांतता नांदायची त्या दुकानात! कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकंही हौसेने एखादा पत्ता काढत. माझा तोरा काय वर्णावा!

मग काम वाढलं. धाकटीच्या शिवणयंत्राखालची फरशी खचली, यंत्र डुगडुगू लागलं. घाईघाईत मला उचलून त्याच्या पायाखाली सारलं. जाडी नेमकी बसली. "तेवढ्यापुरतं," असं म्हणाल्या दोघी सुना, आणि विसरूनही गेल्या. त्या तेवढ्यापुरत्यात वर्षं गेली. वरून तेलाचे थेंब, बाजूने धूळ, डोक्यावर लोखंड. टाका सरळ पडायचा तो माझ्या जिवावर, पण कौतुक यंत्राचं!

"माझे पत्ते कुठे गेले गं?" सासूबाई विचारत.

"असतील इथेच," दोघी म्हणत. आणि मी इथेच होतो!

मग शर्टांचं प्रकरण घडलं. शाळेच्या गायन पथकाचे शर्ट शिवून दिले आणि पहिल्याच धुण्यात ते आटले. बाह्या मनगट सोडून कोपराकडे निघाल्या. सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवावं लागतं. तसं काढलं की किनारीला लाल दोऱ्याचा एक टाका, ही दुकानाची खूण.

"पाण्यातून काढायला काय झालं होतं तुला?" थोरली कडाडली.

"मला? ताई, ते काम तुमचं!"

"मी त्याला हातही लावला नाही. कात्री कुणी चालवली?"

धाकटी काहीतरी बोलणार होती. पण तिने ओठ घट्ट मिटले, आणि तिथून जो अबोला धरला तो धरलाच. शेवटी तिने वेगळं दुकान मांडायचं ठरवलं. यंत्र न्यायला हमाल आला. सासूबाई नुसत्या बघत बसल्या.

हमालाने यंत्र उचललं. "बाई, याच्या पायाखाली काहीतरी आहे. टाकून देऊ?"

"हात तर लावून बघ!" सासूबाई ताडकन उठल्या. फडक्याने मला पुसता पुसता म्हणाल्या, "असतील इथेच म्हणे! इथेच होते की गं, भवान्यांनो! जायचं तर खुशाल जा. पण एकेक पत्ता काढून जा."

थोरलीने काढला. झाकण घातलेलं पातेलं! धाकटीने मुकाट्याने बटण ओठांत धरलं.

थोरलीने पत्ता टेबलावर ठेवला. "तुझ्या हातात कात्री बघितली," ती हळूच म्हणाली, "आणि समजले, कापड हिने पाण्यातून काढलं असणार. किनारीला लाल टाका आहे का, तेवढंही मी बघितलं नाही."

टण्! बटण फरशीवर पडलं.

"लाल टाका होता ताई! तो बघूनच मी कात्री लावली. वाटलं, तुम्ही घातलाय. मग तुम्ही नाही म्हणालात, तर वाटलं, ताई खोटं बोलताहेत. ते तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून गप्प बसले."

"अगं, मी नाही घातला!"

"मग कुणी?"

सासूबाईंनी फळीवरचं त्याच कापडाचं नवं ठाण ओढलं. अजून वरचा कागदही फाडलेला नव्हता. त्यांनी तो फाडला. किनारीला लाल टाका. कापडवाल्याचा!

"त्या मेल्याला हाच रंग सापडला?" सासूबाई म्हणाल्या, आणि थोरली खुदकन हसली. मग दोघी इतक्या हसल्या की हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"बाई, हे वर धरू की खाली ठेवू? हात दुखायला लागले," हमाल म्हणाला.

"जागेवर ठेव बाबा," धाकटी म्हणाली.

"आणि तू झाडू घे," थोरली म्हणाली. "बटण पाडलंस ना?"

शर्टांना पुढे निळ्या पट्ट्यांचे कफ लागले. गायन पथकाला वाटलं, नवी फॅशन! दुकानाची खूण आता हिरवा टाका आहे आणि यंत्राच्या पायाखाली लाकडाचा तुकडा. त्याने डोक्यावर लोखंड घ्यावं, माझी हरकत नाही.

माझे कोपरे दबले आहेत, मित्रांनो, एका पत्त्यावर यंत्राच्या पायाचा गोल वळ कायमचा उठलाय. पण आता मी खिडकीपाशी, बटणांच्या डब्याशेजारी असतो. तुमच्याही घरात असं एखादं असेल, वस्तू असो की माणूस, जे तुम्हाला तुमच्याबद्दल विचारतं. त्याला तेवढ्यापुरतंसुद्धा कशाखाली सारू नका. हाताशी ठेवा, धूळ पुसा.

सकाळी डब्याचं झाकण उघडतं, दोन बटणं निवडली जातात, आणि मला हायसं वाटतं. आज कुणाचं पडतंय, बघू!