एका धडधाकट संगणकाचं आजारपण

मित्रांनो, मला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल उलटसुलट बरंच बोललं गेलं आहे. मी एक जुना संगणक आहे. काळ्या पेटीतला, थोडा जाडजूड, माणसांच्या हातांनी जोडलेला. माझ्या आयुष्याचा मोठा काळ मी आजारी म्हणून काढला, आणि त्यातला एक दिवसही मी आजारी नव्हतो.

माझा जन्म ग्लासगोतल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. डॉ. शशिधर ओगले दवाखान्यातून, म्हणजे तिकडच्या भाषेत सर्जरीतून, निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. "अहो, काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी तुम्हाला परत सर्जरीत नेऊन सोडते," असं त्यांच्या बायकोने, रेखाकाकूंनी, बजावलं, तेव्हा त्यांना 'जोडणी कट्टा' सापडला. ब्रिटनभर विखुरलेल्या मराठी माणसांचा हा ऑनलाइन गट. कुणी संगणक जोडायचं, कुणी प्रोग्रॅम लिहायचं, कुणाचं अडलं की सगळे मिळून सोडवायचे. हॅरोचा अंशुमन सुट्या भागांतला दर्दी. मेडनहेडची कस्तुरी सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, आणि भारी उत्साही.

मला जोडताना टॅब्लेट लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता. त्यातून अंशुमन सूचना देत होता. तो इंग्लंडातच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी जरा लंगडत चालायचं. "काका, तो वायर तिकडे नाही, खाली जाते. स्लोली. मशीनला घाई नाही आवडत." रेखाकाकूंनी माझे स्क्रू मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत काढून ठेवले होते. त्यातला एक हळदीने पिवळा झाला, तो अजून तसाच आहे. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा बरणीपाशी टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी माझ्यासमोर साखर ठेवली. ती थोड्या वेळाने डॉक्टरांनीच खाल्ली.

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. डॉक्टर माझ्यावर प्रोग्रॅमिंग शिकले. फार हुशार विद्यार्थी होते असं मी म्हणणार नाही. एक कंस उघडला की तो बंद करायला विसरायचे. पण कट्ट्यावर त्यांचा मान मोठा होता, कारण त्यांना एक सवय होती. कुणी प्रश्न घेऊन आलं, उत्तर मिळालं, आता निघणार, इतक्यात डॉक्टर हळूच विचारायचे, "आणि बाकी?" वीर नावाच्या एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम चहा गार होण्याआधी दुरुस्त झाला होता. पण "आणि बाकी?" ऐकल्यावर तो जो बोलायला लागला, तो डोळे पुसतच थांबला.

ही सवय कुठून आली, असं कस्तुरीने एकदा विचारलं.

"माझ्या सर्जरीत एक आजी यायची गं," डॉक्टर म्हणाले. "एव्हरी ट्यूजडे. म्हणे गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत! एक्सरे क्लीन. मी आपला दाबून बघायचो, क्रीम लिहून द्यायचो. मग ती उठून दाराच्या मुठीवर हात ठेवायची, तेव्हा मी विचारायचो, 'अँड अदरवाइज?' की आली परत खुर्चीत. खरं दुखणं नेहमी दारात पोचल्यावर बाहेर येतं, बघ."

"ऑ, सो स्वीट, काका!" कस्तुरी म्हणाली. सगळे हसले. मीही माझा पंखा जरा जोरात फिरवला.

मग रेखाकाकू गेल्या. कट्ट्यावर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'काका, काळजी घ्या'. त्यानंतर मात्र सगळे गप्प झाले. माणसं वाईट नव्हती. दुःखाबद्दल काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि उगाच काही बोलून काकांना त्रास नको, असं प्रत्येकाला वाटत होतं. घर इतकं शांत झालं की मला माझ्याच पंख्याची लाज वाटायची.

अशातच माझी एक केबल सैल झाली आणि मी सुरू होईना. डॉक्टरांनी कट्ट्यावर लिहिलं. काय सांगू! संध्याकाळी सातला सगळे हजर. टॅब्लेट पुन्हा लोणच्याच्या बरणीला टेकला. "काका, पॅनल उघडा." "काका, टॉर्च धरा." दुःखाबद्दल बोलता न येणाऱ्या त्या माणसांना केबलबद्दल भरभरून बोलता येत होतं. घर आवाजांनी भरून गेलं. केबल बसली, मी सुरू झालो, टाळ्या वाजल्या, आणि सगळे बाय म्हणून गेले. डॉक्टर टॅब्लेटच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'मशीन तासाभरात आपोआप बंद पडतं.'

मी चक्रावलो. माझी नस न् नस तपासली. सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी कट्टा जमला, मी मजेत चाललो होतो, आणि एकदम अंधार. "बघा, गेलं!" डॉक्टर म्हणाले. पुन्हा सुरू झालो तेव्हा नीट लक्ष ठेवलं, आणि मला दिसलं. भिंतीवर खाली सॉकेटचं बटण असतं ना, ते डॉक्टर सपातीतून पाय काढून अंगठ्याने दाबत होते.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? एवढा मी धडधाकट, आणि सगळ्या देशात माझी बदनामी! अंशुमनने हॅरोहून पोस्टाने पॉवर सप्लाय पाठवला. मग मेमरी पाठवली. कस्तुरीने माझ्या तपासण्यांचे रिपोर्ट मागवले, रजेच्या दिवशी बसून वाचले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती पखाल मी. पण कट्टा जमायचा त्या संध्याकाळी डॉक्टर चहा करून घ्यायचे, धुतलेला शर्ट घालायचे. ते पाहून माझा राग गेला. म्हटलं, होऊ दे बदनामी.

एकदा तर मनातलं अगदी त्यांच्या तोंडाशी आलं होतं. बाकीचे गेले होते, कस्तुरी एकटीच उरली होती.

"काका, आता कसं चाललंय मशीन?"

"बरं आहे."

"ओके, मग मी पळते."

"कस्तुरी, अजून एक..."

"हो, सांगा ना काका. अजून काही एरर येतोय?"

डॉक्टरांनी टेबलावरून हात फिरवला. "नाही. एरर नाही गं काही."

"मग मस्त! बाय, काका!"

दाराच्या मुठीवर हात होता, मित्रांनो. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

शेवटी कट्ट्यानेच एक प्रेमाची गोष्ट केली, आणि तिथेच घात झाला. दिवाळीला सगळ्यांनी मिळून डॉक्टरांना नवा कोरा संगणक पाठवला. "काका, आता नो टेन्शन," अंशुमन म्हणाला. "हा मशीन कधीच बंद नाही पडणार. मी प्रॉमिस करतो." डॉक्टर हसले, सगळ्यांचे आभार मानले, दोनदा पाणी प्यायले. कट्ट्यावर त्यांच्या प्रश्नासमोर हिरवी खूण लागली. प्रश्न सुटला.

मला जिन्याखालच्या कपाटात, धूळ ओढणाऱ्या हूव्हरशेजारी ठेवलं. तिथून मला फक्त ऐकू यायचं. सात वाजले की खुर्ची ओढल्याचा आवाज. मग नव्या कीबोर्डची थोडी टकटक. मग एकच बटण, पुन्हा पुन्हा, पुसण्याचं. मग काहीच नाही. आता विचारणार काय? इतक्या प्रेमाने दिलेल्या नव्या यंत्राला नावं ठेवायची, तर तेवढे ते निर्दय नव्हते.

थंडीत त्यांचा खोकला वाढत गेला. शेजारच्या बाईंनी अँब्युलन्स बोलावली. दार लागलं, आणि डॉक्टर परत आले नाहीत.

अंत्यविधीला अंशुमन आणि कस्तुरी दोघंही आले. इतकी वर्षं त्यांनी माझं पोट आतून बाहेरून पाहिलं होतं. या घराचं दार मात्र पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरांचा पुतण्या साकेत घर आवरत होता. कपाटातून मला बाहेर काढून तो म्हणाला, "हा बिघडलेला आहे. टाकूनच द्यायचाय." कस्तुरी म्हणाली, "मला द्या. काकांसाठी मला एकदा याचा फॉल्ट शोधायचाच आहे."

मेडनहेडला तिच्या टेबलावर मी सुरू झालो. तिने माझ्यावर सगळ्या चाचण्या लावल्या आणि मी कधी बंद पडतो याची वाट पाहत बसली. अंशुमन व्हिडिओ कॉलवर होता. तास झाला. मी चालू. तिने जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, ते तिथेच राहिलं. मी चालूच.

"अजून बंद नाही पडला?" अंशुमनने विचारलं.

"नाही."

"काकांच्या दर मेसेजमध्ये लिहिला होता, एक तासात बंद पडतो." त्याने जुने मेसेज वर सरकवले. "दिवाळीनंतर त्यांचा मेसेजच नाही आला, ना? मी ग्रुपवर लिहिला होता, मेसेज नाही म्हणजे मशीन फर्स्ट क्लास. तू थम्स अप दिला होता."

कस्तुरी माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पॅनलवरच्या पिवळ्या स्क्रूवर तिने बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आता बंद पडावं. एखादी तार जळावी, धूर निघावा, काहीतरी व्हावं. म्हणजे ही पोर सुटेल. पण मी काय करू? मी उत्तम चालत होतो.

"अंशुमन," ती अगदी हळू म्हणाली, "गुडघा ठणठणीत होता रे."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मग म्हणाला, "ओके. मी जाते... जातो. उद्या ऑफिस आहे."

"थांब. ठेवू नकोस," कस्तुरी म्हणाली. "आणि बाकी?"

पलीकडे अंशुमनचं बोट लाल बटणापर्यंत गेलं होतं, ते त्याने मागे घेतलं. कॉल चालू राहिला.

मित्रांनो, तुम्ही आम्हा संगणकांची धूळ पुसता, आमचे पंखे साफ करता, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. पण कुणी पुन्हा पुन्हा तोच बिघाड घेऊन तुमच्याकडे आलं, तर स्क्रूड्रायव्हर क्षणभर खाली ठेवा आणि त्या माणसाकडे बघा. निघण्याआधी एवढंच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा.

मी अजून चालू आहे. मला काहीही झालेलं नव्हतं.