हिराचं गाऱ्हाणं

"हिराबाय, एकदा घातलेलं गाऱ्हाणं परत घेता येत नाय. देव म्हणजे काय तुझ्या टोपलीतला बांगडा वाटला, उलटासुलटा करायला?" सखाराम गुरव म्हणाला.

"मग फिरव तरी, दादा." हिरा मासळी बाजारातून नारळ घेऊन तशीच आली होती.

दोन वर्षांपूर्वी याच देवळात तिने विहिणीवर, प्रभावतीवर, गाऱ्हाणं घातलं होतं. लेक दर्शना गरोदरपणी रक्त जातंय म्हणून रडायची आणि ही सासू म्हणायची, "उष्णता हाय, आमसुलाचं पाणी पी. परक्या पुरुषाकडून तपासून घ्यायचं नाय." बाळंतपणानंतर कळलं, गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर. बाळ चार महिन्यांचं असताना दर्शना गेली. "प्रभावतीचा वंश बुडू दे," हिराने देवाला सांगितलं. रागाला डोळे नसतात. त्या घराचा वंश म्हणजे एकटा निहार, तिच्याच दर्शनाचा मुलगा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आता निहारच्या फुफ्फुसात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं: जन्मताना पहिल्या श्वासाबरोबर आईच्या गाठीतल्या पेशी आत गेल्या. फार क्वचित होतं असं. आधी कळलं असतं तर सिझर केलं असतं. औषध लागू पडतंय, पण खात्री नाही. हिराला सगळं पटलं, तरी स्वतःचं गाऱ्हाणं तिला झोपू देईना.

आणि प्रभावती? ती भर बाजारात सांगत सुटली होती, "आईनंच पोराला रोग दिलान!" चोर तो चोर, वर शिरजोर. हिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सखारामने नारळ देवापुढे ठेवला. "बा देवा म्हाराजा, हिराच्या नातवाला वाचव."

"व्हय म्हाराजा," हिराने साथ दिली.

"आणि प्रभावतीचं काय सांगू?"

"तिलापण जगव. शंभर वर्षं."

"माफ केलंस?"

"माफ? पोरगा मोठा होऊ दे. एक दिवस तिच्यासमोर बसून विचारू दे, आजी, माझ्या आईला डॉक्टरकडे का नाय नेलंस? तेव्हा तिचे कान शाबूत असू देत. तोवर तिला मरण नको."

सखारामने ते जसंच्या तसं देवाला सांगितलं.

"व्हय म्हाराजा," हिरा म्हणाली. गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणून साथ द्यायला देवळात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ती पुन्हा एकदा म्हणाली, दर्शनाच्या वाटचं.